धिरड्याचा कागद

कडूबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी म्हणून. मरणाचं माहीत नाही, पण कर्जत तालुक्यातल्या त्या गावात तिच्या जिभेची चव भल्याभल्यांनी घेतली होती. आणि बहात्तरच्या दुष्काळात तिच्या वाट्याला जे आलं, त्यानंतर ती जीभ गोड झाली असती तरच नवल.

त्या साली गावाबाहेरच्या सरकारी बंगल्यात हेल्मी नावाची एक परदेशी नर्स येऊन राहिली. फिनलंडची. लेकरांना दूध वाटायचं, औषधपाणी बघायचं, हे तिचं काम. चारपाच वर्षं इकडे काढल्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलायची. कडूबाई तिच्या स्वयंपाकाला लागली आणि पहिल्याच दिवशी दोघींचं बिनसलं. कडूबाईनं हौसेनं गव्हाच्या पोळ्या केल्या, वर तूप सोडलं, आणि म्याडमनं ताट मागं सरकवलं. गहू तिला सोसत नव्हता. कडूबाईला ते पटेना. उभ्या जन्मात तिनं गहू सणाला नाहीतर पाहुण्याला केलेला. गव्हाला नाही म्हणणारं माणूस तिला माजलेलंच वाटलं. ताट उचलताना ती तसं पुटपुटलीही.

पण सहवासानं ओळख वाढते. एकदा म्याडमनं सांगितलं की तिची आई बिडाच्या तव्यावर दूध-अंड्यात कालवलेल्या पिठाची पातळ, कुरकुरीत काठाची पोळी करायची, आणि वर रानातल्या आंबट फळांचा पाक घालायची. पीठ अर्थात गव्हाचं. आजार कळला तेव्हापासून ती पोळी सुटली. कडूबाई म्हणाली, म्हणजे धिरडंच की. दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीचं पीठ दुधात कालवून तव्यावर घातलं. उलथताना त्याचे सात तुकडे झाले. तांदळाचं घालून पाहिलं, ते तव्यालाच बसलं. मग मात्र ती इरेला पेटली. भाकरी थापताना पीठ तुटायला लागलं की बाया जे करतात तेच तिनं केलं: पिठावर आधणाचं पाणी ओतलं, मळून झाकून ठेवलं, मग दुधानं पातळ केलं आणि त्यात दोन अंडी फोडली. तव्यावरून तुपाचा बोळा फिरवला. धिरडं अख्खं निघालं, काठाला जाळी धरून. वर सुकलेली बोरं गुळात शिजवून घातली. म्याडम खाताना रडली. मग तिनं ती सगळी रीत आपल्या भाषेत दोन कागदांवर उतरवली. एक आईला धाडला, दुसरा चुलीजवळ खिळ्याला अडकवला. कडूबाईला अक्षरओळख नव्हती, पण आपल्या हातचं कुणीतरी लिहून ठेवलं याचा तिला अभिमान वाटायचा. रोज ती त्या कागदावरची धूळ पदरानं पुसायची.

बंगल्यावर येणारं गव्हाचं पीठ म्याडमच्या कामाचं नव्हतं, ती ते कडूबाईला देऊन टाकायची. कडूबाई ते घरी न्यायची, कारण घरी लंका होती. लंका तिची नात, चार वर्षांची. दिवाळीनंतर घरातली ज्वारी संपली, रेशनवर गहू यायला लागला, आणि त्याच सुमारास पोरगी वाळत चालली. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, सारखे ढाळ आणि सारखी किरकिर. तालुक्याच्या कंपाउंडरनं जंत म्हणून गोळ्या दिल्या. म्याडमला दाखवावं असं सून मनकर्णा म्हणायची, पण जिच्या घरी भांडी घासायची तिच्यापुढे पदर पसरायला कडूबाईला लाज वाटे. त्यापेक्षा ती नातीला गव्हाची मऊ पोळी, वर तुपाचं बोट, असं चोरून भरवायची. आजारी लेकराला घरातलं उत्तम ते द्यावं, एवढंच तिला ठाऊक होतं.

मग एक दिवस म्याडम ओव्हरसियरच्या घरी जेवायला गेली आणि भिडेखातर अर्धी पुरी खाऊन आली. चार दिवस ती अंथरुणाला खिळली. पोट फुगलेलं, तोंड पांढरंफटक. लहानपणी आपण कशा होतो तेही तिनं पडल्यापडल्या सांगितलं: पोट मोठं, पाय काड्या, रात्रंदिवस रडणं. पाचव्या दिवशी ती औषधं आणायला मुंबईला गेली, ती महिनाभर येणार नव्हती. त्या संध्याकाळी कडूबाई घरी आली, लंकाला मांडीवर घेतलं, पोळीचा घास केला आणि तिचा हात हवेतच राहिला. म्याडमला जे विष, तेच ती दोन महिने आपल्या हातानं नातीला भरवत होती. असा संताप तिला कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

बंगल्यातल्या डब्यात तळाला उरलेलं ज्वारीचं पीठ तिनं आणलं, म्याडमला नंतर सांगू म्हणून. तीन दिवस लंकानं धिरडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ढाळ थांबले आणि पोरीनं आपणहून आणखी मागितलं. मग पीठ संपलं.

मनकर्णा दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं मजुरांना आणि त्यांच्या पोरांना सुकडी मिळे, गव्हाचं पीठ भाजून गूळ घातलेली. तिथंच तांबड्या मिलो ज्वारीची पोती रचलेली होती. कडूबाई छगन कारकुनाकडे गेली आणि नातीच्या वाट्याची सुकडी ठेवून घ्या, त्याऐवजी मिलो द्या, म्हणाली. छगन हसला. फुकटचा गहू मिळतोय तर नाकं मुरडता, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं नियम सांगितला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरचा दाखला मागितला. कडूबाईनं म्याडमचा आजार सांगितला, तर तो चार माणसांदेखत म्हणाला, "मावशी, ते साहेबलोकांचे आजार. खडी फोडणाऱ्याच्या पोरीला कुठून होतात?"

कडूबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. म्याडमनं गहू नाकारला की ती प्रकृती, आणि आपल्या पोरीनं नाकारला की तो माज. पोट का माणूस बघून दुखतं? तरी ती रोज जात राहिली. नऊ दिवस. लंकाला पुन्हा ढाळ लागले होते, आता तिला रडायचंही त्राण नव्हतं.

दहाव्या दिवशी कडूबाई बंगल्यावर झाडायला गेली. चुलीजवळच्या कागदाशी थांबली, तो खिळ्यावरून काढला आणि तडक कामावर जाऊन छगनसमोर धरला. "म्याडमनी लिवलाय," एवढंच म्हणाली, आणि ते खरंच होतं.

छगननं चष्मा लावला. अक्षरांवर टिंबं होती, मधेमधे आकडे होते. बराच वेळ बघून त्यानं बोट ठेवलं. "हां, हे बघा. दोन, मग तीन. दिवसातनं किती वेळा ते दिलंय." त्यानं कागदावर शिक्का मारला, फाइलला लावला आणि मिलोचं माप भरायला सांगितलं. "असं रीतसर आणायचं, मावशी. तोंडी कसं चालंल?"

जीभ टाळ्याला लावून कडूबाई गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच. पोत्यातलं धान्य अजून तिच्या पदरात पडायचं होतं.

पंधरा दिवसांनी म्याडम परतली तेव्हा लंका बंगल्याच्या पायरीवर बसून धिरडं खात होती. म्याडमनं तिचं पोट दाबून पाहिलं, सगळं ऐकलं, आणि खिळा रिकामा का ते कळल्यावर हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कडूबाई हसली नाही. तव्यावर बोळा फिरवत म्हणाली, "हसू नगा, म्याडम. नऊ दिस मी त्याला माझ्या तोंडानं सांगत हुते, पोरगी मरतीया म्हनून. त्याला ऐकू आलं न्हाई. तुमच्या कागदावरची दोन अंडी मातुर लगीच समजली."