शिट्टीच्या मागचं गाणं

संगणकातल्या सगळ्या गाण्यांचा आवाज मी आज एकसारखा करून घेतला. एक गाणं कुजबुजायचं, पुढचं अंगावर यायचं, आणि मला सारखं उठावं लागायचं. आता सगळी कशी शहाण्यासारखी गातात.

फक्त अनू, तुझं चिमणीचं गाणं तेवढं हळूच राहिलं. चार वर्षांची असताना तू ते माझ्या स्वयंपाकघरात म्हटलं होतंस आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली होती. संगणकाने ती शिट्टीच मापाला धरली, त्यामुळे तुझा आवाज काही वाढला नाही.

हे सांगितलं तेव्हा फोनवर तू हसलीस. “अगं आजी, शिट्टी कापून टाक ना!”

“बरी कापेन! तुझाच वरणभात होता त्यात.”

फोनवरची तू आता मोठ्या माणसासारखी बोलतेस. तो चिमुकला आवाज माझ्याकडे एवढ्या एकाच जागी उरला आहे. म्हणून ते गाणं लागलं की मी हातातलं काम ठेवून स्पीकरशी कान नेते. तू लहान असतानाही तुझं बोलणं ऐकायला मला असंच वाकावं लागायचं. आता गुडघे कुरकुरतात, पण शिट्टी व्हायच्या आत मागे सरकणं अजून जमतं.