फॉरवर्ड गेलेलं गाऱ्हाणं

गेल्या हिवाळ्यात तीन दिवस असे आले, की देवानं आपलं ऐकणं सोडलं आहे अशी माझी खात्री झाली होती. खरी गोष्ट नेमकी उलटी होती. तो माझं शब्दशः ऐकत होता, आणि सगळा घोळ तिथंच होता. माझ्या अनुभवात साक्षात्कार नाही, प्रकाश नाही, स्वप्नात कोणी आलेलं नाही. आहे तो एक अडकलेला टेम्पो. पण त्या टेम्पोत बसून मला जे कळलं, ते इतकी वर्षं देवासमोर हात जोडून कळलं नव्हतं, म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे. आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहोत. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं काय हवं ते मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मान्यता द्यायची. वडिलांनंतर चाळीत हे काम माझ्याकडे आलं. सत्यनारायण असो, नाहीतर पाण्याच्या नव्या पंपाचं उद्घाटन, गाऱ्हाणं मीच घालतो. नोकरी एका खाजगी कंपनीच्या जावक विभागात झाली, त्यामुळे मागणं कसं मुद्देसूद असावं हे मला पक्कं ठाऊक. कागद खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर गेला, त्यावर ‘फॉरवर्डेड’ शिक्का बसला, की काम झालं. देवाकडेही माझा कारभार तसाच चाले.

माझी मुलगी तन्वी रग्बी खेळते. मुलीच्या जातीला हे काय, असं मी म्हणालो नाही, कारण घरात म्हणू दिलं नसतं. पण दिवाळीला मोठा भाऊ आणि वहिनी गावाहून आले होते, फराळ चालू होता, आणि त्यांच्यासमोर जरा भारदस्त दिसावं म्हणून मी जाहीर करून टाकलं, की यंदा राज्याच्या संघात नाव आलं नाही तर खेळ बंद, बँकेच्या परीक्षेला बसायचं. तन्वी चकली खाता खाता थांबली. ‘बरं,’ एवढंच म्हणाली आणि उठून गॅलरीत गेली. मला त्याच क्षणी वाईट वाटलं होतं. पण थोरल्यांसमोर दिलेला शब्द, तो गिळायचा कसा? ती अट घरात कपाटावरच्या जुन्या ट्रंकेसारखी बसून राहिली. तिच्याविषयी कोणी बोलत नसे आणि सगळे तिला वळसा घालून चालत.

निवड व्हायची होती त्या स्पर्धेला दादा-वहिनी मुद्दाम आले. स्पर्धा तीन दिवसांची आणि मैदानं तीन: माहीम, परळ आणि शेवटी फोर्ट. आमच्या खोलीत दोन माणसं वाढली तर एकाला मोरीत झोपावं लागेल, हे ओळखून दादा गावाकडच्या एका मित्राची पर्यटकांना भाड्यानं द्यायची गाडीच घेऊन आला. पांढरी, उंच, आत दोन पलंग, गॅसची शेगडी, खिडक्यांना हिरवे पडदे आणि दाराशी लोखंडी पायरी. दादा तिला कॅम्परव्हॅन म्हणे, वहिनी टेम्पो म्हणे. सामने बघता बघता मुंबईदर्शनही उरकायचं असा बेत होता. वहिनीनं यादी आणली होती आणि तिच्यात पहिलं नाव राणीच्या बागेतल्या पेंग्विनचं होतं.

निघायच्या सकाळी गाडीपुढे नारळ ठेवून मी गाऱ्हाणं घातलं. त्या दिवशी सूर चांगला लागला होता. “बा देवा रवळनाथा, आमच्या पोरीच्या हातातलो चेंडू कायम फुडे फुडे जाऊंदे रे म्हाराजा,” मी म्हणालो, आणि दादा-वहिनी तोंड भरून “व्हय म्हाराजा” म्हणाली. शेजारची चार बिऱ्हाडंही म्हणाली. तन्वी बुटाच्या नाड्या बांधत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण तिच्या आईनं हाक मारली आणि ती गेली.

माहीमला मी जन्मात पहिल्यांदा रग्बी पाहिली. सात मुली इकडे, सात तिकडे, आणि अंड्याच्या आकाराचा एक चेंडू. तन्वीच्या हातात चेंडू आला की तो पुढे जायचा, आणि पुढे गेला की शिट्टी वाजायची. पंच ‘फॉरवर्ड’ असं ओरडायचा. मला धन्य वाटलं. आमच्या खात्यात हा शब्द मिळवायला साहेबाच्या केबिनबाहेर तासभर उभं राहावं लागे, आणि इथं माझ्या पोरीला तो दर दोन मिनिटांनी मिळत होता. फक्त एक कळेना, की एवढं कौतुक करून चेंडू समोरच्या संघाला का देतात. पंच पक्षपाती आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि दोरीला टेकून ओरडलो, “पुढे दे तन्वी, अजून पुढे!” सामना बाकीच्या मुलींनी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी परळला तेच झालं, त्याहून वाईट. संध्याकाळी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा, उद्या या, पण गप्प बसा.” नियम काय असतात ते ती घरात पूर्वी कितीदा तरी सांगायची. तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत असे.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा देवाचा जास्त आला. नारळ झाला होता, गाऱ्हाणं झालं होतं, व्हय म्हाराजा झालं होतं, मग कागद अडला कुठे? त्यात परळला रुग्णालयांच्या भागात गाडी उभी केली, तर लोक पायरी चढून येऊन डोळे कधी तपासतात ते विचारू लागले. पांढरी गाडी आणि हिरवे पडदे पाहून त्यांना तो फिरता दवाखाना वाटला होता. वहिनीला याची मौज वाटत होती. मला वाटत नव्हती. फोर्टलाही ती अशीच खेळली तर निवड गेली, आणि निवड गेली तर माझी अट माझ्याच हातानं पुरी करावी लागणार होती. माझ्या पोरीचं एकमेव वेड मी चकलीच्या घासावर पणाला लावून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी आमची ही तन्वीबरोबर टॅक्सीनं पुढे गेली. आम्ही तिघं गाडीनं निघालो. सामन्याला वेळ होता म्हणून वहिनीला गिरगाव चौपाटी दाखवली, आणि तिथून निघताना दादानं फोनमधल्या बाईचं ऐकून एका गल्लीत गाडी घातली. गल्ली अरुंद होत गेली आणि शेवटी एका मंडळाची लोखंडी कमान आडवी आली. गाडी कमानीपेक्षा हातभर उंच. मागे स्कूटर, हातगाड्या आणि भाजीचा एक टेम्पो. दादा घामानं निथळला. “फुडे वाट नाय रे,” तो म्हणाला आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला. वहिनीनं पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि हवा लागावी म्हणून दार उघडून त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

तेवढं पुरलं. पाच मिनिटांत समोरच्या चाळीतून म्हाताऱ्या बायका फायली घेऊन खाली आल्या आणि रांग लागली. आम्ही दवाखाना नव्हे, असं मी घसा फोडून सांगत होतो, आणि वहिनी दुसऱ्या बाजूनं पट्टा बांधतच होती. म्हणे, दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. एवढ्यात हिचा फोन आला. सामना ठरल्यापेक्षा लवकर सुरू होत होता. मी गाडीच्या पायरीवर बसलो. मला रडू येत होतं, तेही सांगून टाकतो. देवाला म्हणालो, एवढं मागितलं, एकही गोष्ट का देत नाहीस?

रांगेत एक काठीवाले आजोबा होते. दंडाला पट्टा बांधून घेताना त्यांनी विचारलं, साहेब का बसलेत असे. वहिनीनं सगळं सांगितलं, अगदी गाऱ्हाण्याच्या शब्दांसकट. आजोबा मन लावून ऐकत होते. मग त्यांनी सांगितलं, की फोर्टातल्या त्याच मैदानावर ते जन्मभर माळी होते. गवत त्यांनी वाढवलं आणि सामन्याच्या रेघा त्यांनी चुन्यानं मारल्या.

“साहेब, तुम्ही उलटं मागितलंत,” ते म्हणाले. “ह्या खेळात हातानं चेंडू पुढे दिला की गुन्हा. तो मागच्याला द्यायचा असतो. मागे देत देतच सगळी पुढे जातात.”

यंत्रानं पिक् केलं. वहिनी माझ्याकडे वळली. “भावजी,” ती म्हणाली, “म्हणजे देवान तुमचा ऐकल्यान की ओ.”

ऐकलं होतं. अक्षरशः ऐकलं होतं. दोन दिवस माझा कुलदेव इमानेइतबारे माझ्या मुलीचे चेंडू पुढे ढकलत होता, आणि मी त्याच्यावर रुसलो होतो. ती धसक्यानं चुकत होती आणि तो धसका माझ्या अटीचा होता, हे मला कळतं. पण त्या पायरीवर मला दोन्ही एकच वाटलं. मला काय हवंय ते नीट माहीत नसताना मी मागत होतो, आणि वर ओरडतही होतो.

नवं गाऱ्हाणं घालावं म्हणून मी हात जोडले, तर आजोबांनी काठीनं माझा गुडघा हलवला. आधी गाडी मागे घ्या, म्हणाले. ते स्वतः गाडीमागे गेले, भाजीवाल्याला हाकललं, स्कूटरी भिंतीला लावायला लावल्या आणि काठी हलवत उलटे चालू लागले. “येऊ दे,” ते म्हणत, “येऊ दे, येऊ दे.” दादाला मागचं काहीच दिसत नव्हतं. तो फक्त त्या आवाजावर गाडी सोडत होता. संबंध गल्ली आम्ही तशी पाठमोरी पार केली. मोठा रस्ता आल्यावर आजोबांनी गाडीच्या अंगावर थाप मारली, मरीन लाइन्सच्या बाजूनं जा म्हणाले, आणि आपला आकडा विचारायला वहिनीच्या खिडकीशी आले. आकडा जास्त होता. यंत्र बिघडलंय, असं सांगून ते निघून गेले.

मैदानावर पोचलो तेव्हा शेवटची मिनिटं चालू होती आणि आमच्या मुली सात गुणांनी मागे होत्या. मी दोरीजवळ उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं नाही. तन्वीकडे चेंडू आला. ती धावली, दोघींनी तिचे पाय धरले, रेघ समोर दिसत होती. माझ्या घशापर्यंत ‘पुढे’ आलं होतं, मी ते गिळलं. पडता पडता तिनं न बघता चेंडू मागे सोडला. मागून एक बारकी मुलगी आली, तिनं तो उचलला आणि कोपऱ्यात रेघेपलीकडे नेऊन टेकवला. शिट्टी वाजली, पण ही शिट्टी गुणांची होती. पाच मिळाले. त्यावर मारायची किक हुकली, म्हणून सामना दोन गुणांनी गेला.

निवडीची यादी अजून लागायची होती. तन्वी चिखलानं माखून गवतावर बसली होती. मी दादा-वहिनींसमोरच तिच्याजवळ खाली बसलो, कारण शब्द त्यांच्यासमोर गेला होता.

“तन्वी, दिवाळीत बोललो ते मी मागे घेतो. नाव येवो न येवो, तू खेळ.”

ती काही बोलायच्या आत मागून दादाचा आवाज आला. “व्हय म्हाराजा.” मग ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि म्हणाली, “बाबा, हा पास बरोबर गेला.”

यादीत तिचं नाव होतं, राखीव खेळाडूंमध्ये, शेवटून दुसरं. ते नसतं तरी मी हे लिहिलं असतं, असं मला वाटतं, आणि निदान नाव वाचायच्या आधी शब्द मागे घेतला होता एवढं समाधान आहे. वहिनी पेंग्विन बघून गावी परतण्यापूर्वी आम्ही नारळ आणि पेढे घेऊन त्या गल्लीत गेलो. अशा अनुभवांत मदतीला आलेली व्यक्ती पुन्हा सापडत नाही, असं मी वाचलं होतं. आमचे आजोबा तिसऱ्या दारातच सापडले. गुडघे दुखतात म्हणून दार उघडायला उशीर लागला, एवढंच. साखर आहे म्हणून पेढा त्यांनी नातीला दिला, हरलो हे ऐकून मान हलवली, आणि रेघा सरळ मारल्या होत्या का, ते मात्र दोनदा विचारलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. ते कशासाठी हे त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गाऱ्हाणं अजून मीच घालतो. चाळीतले लोक म्हणतात, हल्ली फार लहान घालता. पूर्वी मी देवाला वाट दाखवत असे. आता मागचं मला दिसत नाही, पुढचंही दिसत नाही, आणि कोणीतरी मागे उभं राहून काठी हलवतंय एवढं ठाऊक आहे. म्हणून नारळ ठेवतो, हात जोडतो आणि एवढंच म्हणतो, “येऊ दे रे म्हाराजा.”