बंड्याचं लंघन

कोणाचंही न ऐकण्याचा मक्ता साऱ्या जर्मनीत एकट्या आमच्या मामांकडे होता. एकोणीसशे साठच्या सुमारास ते झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहत होतो. बर्फ पडत असताना हा माणूस मफलरशिवाय बाहेर पडायचा. थंडीचे लाड केले की ती डोक्यावर बसते, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात साहेबानं काही सांगितलं की 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो', म्हणून मान डोलवायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे. वर ते बरोबर निघायचं, त्यामुळे साहेब जास्तच चिडायचा. लग्नाच्या बाबतीतही त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. मी यायच्या आधी घरात सोबत काय ती आखूड पायांच्या बंड्याची. त्या अस्सल जर्मन कुत्र्याशी मामा अस्सल पुणेरी मराठीत बोलायचे, आणि त्याचं मात्र सगळं ऐकायचे.

एका शनिवारी बंड्या जिन्यात ओकला. तेही घरमालकीणबाईंनी जिना घासूनपुसून लख्ख केल्यावर. जिना पुसायच्या पाळीला तिकडे केरवोखे म्हणतात आणि ती सोवळ्यासारखी पाळतात. घरमालक तरातरा वर आले आणि सोमवारपर्यंत कुत्रा हलवा म्हणाले.

"आजारी जिवाला घराबाहेर काढतात होय तुमच्यात?" असं विचारून मामांनी बादली-फडकं घेतलं, पायरी पुसली आणि बंड्याला घेऊन तिथंच ठाण मांडलं. एका शेजारणीनं कॅमोमाइलचा चहा सुचवला, दुसरीनं सॉसेज. मामांनी दोघींना वाटेला लावलं. "पोट बिघडलं की लंघन. दिवसभर पोटात काही नाही, घोटघोट पाणी, मग मऊ भात. माणूस काय नि कुत्रा काय." मी त्यांचं ताट आणलं तर माझ्यावरच डाफरले, "तो उपाशी, आणि त्याच्यासमोर मी गिळू? लाज आहे की नाही तुला?"

आता हिंदी माणूस उपास धरून बसला की पुढे काय होतं, हे घरमालकांनी पेपरात वाचलेलं. इंग्रजांना अख्खा देश सोडावा लागला, यांचं तर एवढंसं घर. रविवारी चर्चहून परत येऊन पाहतात तर मामा पुन्हा पायरीवर, दाढी वाढलेली. बिचारे बायकोला आणि सुपाचं भांडं घेऊनच आले. "आल्झो, बरं तर, कुत्रा राहू द्या. पण तुम्ही जेवा." खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर मामांनी कोपरानं ढोसलं. "आधी कुत्रा जेवेल," ते गंभीरपणे म्हणाले.

मी मऊ भात आणला. बंड्यानं तो नुसता हुंगला आणि तोंड फिरवलं. जगाशी भांडणाऱ्या मामांचा चेहरा पार उतरला. "तू शिकून जाशील निघून. हाही गेला तर घरी येऊन बोलू कोणाशी रे मी?" असं हळूच म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले. वळून बघायचा त्यांना धीर होईना.

बऱ्याच वेळानं मागून ताटली चाटल्याचा आवाज आला, तसं त्यांनी विचारलं, "खातोय का?"

"खातोय, मामा."

"मग मलाही वाढ," ते म्हणाले, पण तोंड भिंतीकडेच होतं.