रापण पाण्यात असताना

मी गाव सोडलं तेव्हा रापण पाण्यातच होती. आमच्याकडे हे लांबलचक जाळं होडीने समुद्रात गोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन टोळ्या किनाऱ्यावरून ओढतात. पाय, म्हणजे माझे वडील, पलीकडच्या टोकाला होते, मी अलीकडे. "दोर हातात घेतलो की रापण भायर इल्याशिवाय सोडूचो नाय," हे त्यांनी लहानपणीच बजावलं होतं. अगदीच जायचं असेल तर आधी दुसऱ्याच्या हातात दोर द्यायचा. मी तेवढंही केलं नाही. मस्कतचं विमान संध्याकाळी गोव्याहून होतं, गाडी नाक्यावर उभी होती. आजच निघालोय हे पायना सांगायची माझी छाती झाली नाही. दोर सोडला, घरी येऊन बॅग उचलली. मायने कपाळावर क्रूस काढला नि विचारलं, "पायक सांगलंस मां?" मी हो म्हटलं. धडधडीत खोटं.

मस्कतला मी जहाजांना सामान पुरवणाऱ्या ऑफिसात कारकून आहे. इथे एसी, ओव्हरटाइम आणि शुक्रवारची सुट्टी; मासळी फ्रीझरमधली. आमच्याकडे एक निवृत्त इंग्रज कॅप्टन सल्लागार म्हणून येतात. परवा एका गिऱ्हाइकाने ऐनवेळी अंग काढून घेतलं, तर ते म्हणाले, 'कट अँड रन!' मी अर्थ विचारला. म्हातारबुवा खुलले. शिडाच्या जहाजांचा नांगर वर घ्यायला पुष्कळ माणसं लागायची, वेळ जायचा. शत्रू अंगावर आला की तेवढी उसंत कुठली? मग कुऱ्हाडीने नांगराचा दोरच तोडायचा, शिडं सोडायची आणि वारा नेईल तिकडे पळायचं. पुढे घाईने काढता पाय घेणाऱ्या कोणालाही इंग्रजीत तसं म्हणू लागले, जरा तुच्छतेनेच.

"आणि नांगर?" मी विचारलं.

"तो राहतो तळाशी."

त्या जहाजांच्या मागे निदान शत्रू तरी होता. माझ्या मागे कोण लागलं होतं?

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेलेत त्यांना हे कळेल. जे तिथेच राहिलेत त्यांनी रागवावं, मी ऐकून घेईन. इतकी वर्षं रापणीच्या मंडळींनी वाटेकऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढायचं म्हटलं की पाय म्हणायचे, "रवांदे, पोरगो येतलो." आता त्यांचे गुडघे गेलेत. गेल्या रविवारी फोनवर त्यांनीच विचारलं, "नाव ठेवूचा काय काढूचा? मंडळी माझ्या तोंडाकडे बघतत."

"काढ, पाय," मी म्हटलं. आणि मग एकदाचं सगळं सांगून टाकलं. दोर कोणाच्या हातात दिला नव्हता, न सांगता पळालो, मायशीही खोटं बोललो. रडूही आलं.

पाय म्हणाले,

"तुका जाताना बघलंय मिया. हाक मारली असती तर तू परत इलो असतस. म्हणान मारूक नाय."

इथे कोणी घर कुठलं विचारलं की मी अजून मालवणच सांगतो. तिथल्या यादीत आता माझं नाव नाही. पण जाताना मला बघूनही ज्यांनी हाक मारली नाही, ते पाय तिथे आहेत, म्हणून ते घर. पळून आलो याची लाज वाटायचीच. त्यांनी मला जाऊ दिलं, याची आता जास्त वाटते.