ओट्याचा उतार

आमच्या अकोल्याच्या घरमालकांच्या तोंडून ‘हो’ हा शब्द ऐकलेला माणूस त्या काळी अख्ख्या वऱ्हाडात सापडला नसता. मी अमरावतीहून बदली होऊन त्यांच्या बाजूच्या खोलीत राहायला आलो तेव्हा मे महिना होता. “फार ऊन आहे,” एवढंच म्हणालो. “हे ऊन हाय?” ते म्हणाले. “कावून, अमरावतीचे लोक मेनाचे असतात काय?” जिनिंग गिरणीचा भोंगा वाजला की स्वतःच्या घड्याळात पाहून ते ‘चुकला’ म्हणत. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, “भाजी वाढू?” विचारलं की आधी ‘नाही’ म्हणत आणि मग ताट पुढे करत. अशा माणसाशी कोण बोलणार? पण त्यांना तोडीस तोड भेटले होते ते मागच्या गल्लीतले शाळेचे गुरुजी. गुरुजी बौद्ध. त्यांच्या वडिलांना या घरानं जन्मभर पायरीखाली उभं ठेवलं होतं. घरमालकांनी गुरुजींना थेट बैठकीत नेऊन बसवलं, आणि पहिल्याच दिवशी दोघं कडाकडा भांडले. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच चालायचं.

मग अकोटच्या रस्त्यावर बैलगाडी उलटली आणि गुरुजींचे पाय कायमचे गेले. नागपूरहून चाकांची खुर्ची आली, पण ती ओट्याच्या पायऱ्या कशी चढणार? घरमालकांनी उचलून आणायला चार गडी पाठवले. गुरुजींनी चौघांना परत पाठवलं, वर निरोप दिला : “चौघाइच्या खांद्यावर मी एकच खेप जाईन, अन् तेवा तुमाले इचारनार नाही.” घरमालक बैठकीत एकटे बसू लागले. काकूंशी भांडून पाहिलं, माझ्याशी पाहिलं. आम्ही दोघंही फार लवकर हरायचो. त्यांचं अन्न तुटलं. आणि एका सकाळी पहार घेऊन ते स्वतःच ओट्याच्या पायऱ्या फोडू लागले.

मिस्त्री म्हणाला, उतार लांब पाहिजे. हे अर्थातच ‘नाही’ म्हणाले. झाली घसरगुंडी. गुरुजींची खुर्ची मागवून, तिच्यात सरकीचं पोतं बसवून, त्यांनी वरून सोडून पाहिलं. पोतं गल्ली ओलांडून शिंप्याच्या दुकानात शिरलं. गुरुजींचा निरोप आला : “सरकी पोचली म्हनते. आता मानसाचं पाहा.” दुसरा उतार माझ्या खिडकीखालून वळसा घेऊन गेला. या खेपेला पोत्याच्या जागी मला बसवून खालून वर ढकललं. “तुमी अमरावतीचे, हलके असान,” म्हणाले. मी मात्र सुखरूप ओट्यावर पोचलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. खुर्ची वर आली, दारापर्यंत गेली आणि थांबली. समोर चांगला चार बोटं उंच सागवानी उंबरठा. उतारावर इतके दिवस वाद झाला, पण उंबरठा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. काकू रोज सकाळी त्याला हळद-कुंकू वाहायच्या. घरमालक देवधर्म मानत नसत, पण उंबरठा काढू असं बायकोला म्हणायची त्यांचीही छाती होईना.

“राहू द्या भाऊ,” गुरुजी म्हणाले. “माहा बाप पायरीखाली राह्यला. मी ओट्यावर बसतो. लई झालं.”

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“सुताराले बोलवा,” त्या म्हणाल्या.

“अवं, मंग हळद-कुंकू कुठी वाहशीन?”

“भुईले वाहीन.”

संध्याकाळी उंबरठा निघाला. गुरुजी बैठकीत आले आणि आल्या आल्या म्हणाले, उतार डावीकडे कलला आहे. घरमालक ‘नाही’ म्हणाले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

गुरुजी पुढे काही वर्षांनी गेले, आणि बोलल्याप्रमाणे कुणाला न विचारता गेले. तोवर माझी परत बदली झाली होती. मे महिन्यात भेटायला गेलो. उतारावर शेजारच्या शेळ्या बसल्या होत्या, दारात भुईवर हळद-कुंकू होतं आणि घरमालक बैठकीत दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांना तसं पाहून जीव तुटला. निदान भांडायला निमित्त मिळावं म्हणून मुद्दाम म्हणालो, “फार ऊन आहे.”

त्यांनी दाराबाहेर उताराकडे पाहिलं.

“हो,” म्हणाले.