साखरबाई

'साखर म्हणजे ऊर्जा' असं उत्तर कुणी दिलं की जीवरसायनशास्त्राच्या आमच्या बाई पुस्तक टेबलावर आपटायच्या. "एवढंच? हे तर शाळेतलं पोरही सांगेल!" नाशिकच्या आमच्या कॉलेजात मुलं त्यांना पाठीमागे साखरबाई म्हणत. बोलण्यात साखरेचा कणही नव्हता, तो भाग वेगळा.

"साखर नुसती जळत नाही, हुकूम सोडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यकृताच्या पेशीत ग्लुकोज भरपूर आलं की तिथलं एक प्रथिन जागं होतं, केंद्रकात शिरतं आणि चरबी बनवणारी जनुकं चालू करतं. चरबीच्या पेशीतही हेच चालतं, पण तिथे ते शोभतं. "धान्य कणगीत असावं. चुलीपुढे पोती रचली तर स्वयंपाक करायचा कुठे?" असं त्या विचारायच्या. मला हा धडा तोंडपाठ होता. परीक्षेत मी त्यावर चार पानं लिहिली आणि वर्गात पहिली आले.

त्याच वर्षी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, पोटाची सोनोग्राफी झाली. मखमलाबादला आमचा झेंडू-गुलाबाचा मळा. आप्पा पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे. दारू बंद करा." आप्पांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तसं त्यांनी सांगितलं, तर डॉक्टर हसले. हसले! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी तरी काय वेगळं झालं? आईचे वडील दारूपायी गेलेले. तिने आप्पांशी अबोला धरला. ताट पुढे सरकवायची आणि निघून जायची. मीही मनातून तिच्याच बाजूला होते. आप्पा आधी रोज सांगायचे, मी पीत नाय. पुढे सांगायचे थांबले. असे सहा महिने गेले.

शेवटी एकदा प्रयोगशाळेत मला रडू कोसळलं. बाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, "वडील लपून पितात."

"तू पाहिलंस?"

"नाही. डॉक्टर म्हणाले. लिव्हरवर चरबी आहे."

बाई लालबुंद झाल्या. "मग ती चार पानं कुणासाठी लिहिलीस? परीक्षकासाठी? अगं, सोनोग्राफीत चरबी दिसते, ती आली कुठून ते दिसत नाही. चल, बस मागे." आणि मला स्कूटरवर बसवून त्या थेट मळ्यात आल्या.

माणूस भेटला की आज सकाळपासून पोटात काय काय गेलं, हे विचारायची त्यांना सवयच होती. आप्पांनाही त्यांनी तेच विचारलं. आप्पा आधी बिचकले, मग बोटं मोजू लागले. "बाजारात गाळ्यागाळ्यावर चहा व्हतो. नाय म्हणलं तर लोकं रागावत्यात. घरी येईस्तोवर धा-बारा. लय गोड लागतो मला. भाकरी राहिली तर बिस्किटं, नायतर उसाचा रस."

बाई आईकडे वळल्या. "ताई, दारूनेही होतं हे, नाही कोण म्हणतं? पण यांना दारूची गरजच काय? साखरच यांच्या लिव्हरला दिवसभर चरबी बनवायला लावते आहे." आई तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बाई आम्हाला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. "दिवसभर खाता काय, असं एकदा तरी विचारलंत यांना?"

"मॅडम, दारूचं विचारलं की सगळे नाहीच म्हणतात."

सगळे म्हणजे कोण? मळका सदरा, झेंडूने पिवळी झालेली नखं, म्हणजे हा पिणारच! कडक इस्त्रीतला माणूस समोर असता तर याच डॉक्टरांनी 'गोड जरा कमी करा साहेब' म्हणत दारापर्यंत सोडलं असतं. बाई म्हणाल्या, यांची माफी मागा. डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट आत बोलावला. माफी राहिलीच.

आप्पांनी साखर सोडली. बाजारातले चार लोक फुगून बसले, मग त्यांनाही सवय झाली. पुढच्या वर्षीच्या सोनोग्राफीत लिव्हर बरंच सुधारलेलं दिसलं. आई पुन्हा बोलू लागली, आणि घरात तो विषय कुणी काढला नाही.

गेल्या श्रावणात बाई गेल्या. आप्पांनी मळ्यातले गुलाब स्वतःच्या हाताने काढले आणि अमरधाममध्ये नेऊन त्यांच्या पायाशी ठेवले. घरी परतल्यावर मी म्हटलं, "बाई होत्या म्हणून तुमच्यावरचा आळ गेला, आप्पा."

आप्पा ओट्यावर बसले. "त्या बाईंनी मला इचारलं तरी," ते म्हणाले. "तू तर धुवायला टाकायच्या आधी माझ्या सदऱ्याचा वास घ्यायची. मी बघायचो."

खरं होतं. सहा महिने मी रोज तो वास घेत होते, आणि मला वाटत होतं की कुणी पाहिलं नाही.