पूर्वेकडचा सूर्यास्त

टिंकर्स क्रीकमध्ये नेरिडाला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, कारण निम्म्या गावाला तिनेच शाळेत नेऊन सोडले आहे. शाळेची बस चालवण्यात तिचे आयुष्य गेले. बसमध्ये कोण ओकायचे, कोण कुणाच्या डब्यातले सँडविच पळवायचे, हे तिला अजून पाठ आहे, आणि ते ती नेमके त्याच माणसाच्या लग्नाच्या जेवणात सांगते. निवृत्त झाल्यावर तिने हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेतला. उन्हाळा लागला की रोज संध्याकाळी ती घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि डासांचे मलम घेऊन क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला जाऊन बसायची. काय चाललेय म्हणून कुणी विचारले, तर सूर्यास्ताचे फोटो काढतेय म्हणायची.

गावाने तिची यथेच्छ टिंगल केली. मैदानाची देखभाल करणारा कोल तर रोज गवत कापण्याच्या यंत्रावरून ओरडायचा, "नेझ, आजचा चुकला तरी रडू नकोस. उद्या पुन्हा बुडणार आहे तो." ती हात हलवायची आणि कोल दिसेनासा झाला की खुर्ची फिरवून पूर्वेकडे तोंड करून बसायची.

तिथे ओढ्याकाठी एक अवाढव्य गमचे, म्हणजे निलगिरीच्या जातीचे, झाड आहे. त्याची मैदानावर आलेली एक जाड फांदी कधीच वाळली, आणि त्या फांदीच्या बुडाशी ढोली आहे. त्या ढोलीत बूबूक घुबडांची जोडी दर वर्षी पिल्ले काढते. हे गावात फक्त मला ठाऊक होते, तेही मी तिची शेजारीण म्हणून, आणि तिने माझ्याकडून शपथ घेतली होती.

घुबडांच्या नादी लागलेल्या माणसांचा नियमच आहे की झाड कुणाला सांगायचे नाही. फोटो दाखवावा, जागा दाखवू नये. नेरिडाने हा नियम एकदा मोडला होता. टेकडीवरच्या एका घरट्याची गोष्ट तिने कौतुकाने दोघातिघांना सांगितली. पुढच्याच सुट्टीला तिथे गाड्यांची रांग लागली. लोकांनी डोळे दिपवणाऱ्या बॅटऱ्या आणल्या, आणि कुणी महाभागाने घुबड जवळ यावे म्हणून फोनवर घुबडाचाच आवाज लावला. मोठी घुबडे गेली ती परत आलीच नाहीत. पिल्ले उपाशी मेली. त्या दिवशी नेरिडा पिल्ले पुरायला कुदळ घेऊन गाडीत बसली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता. तेव्हापासून या विषयावर तिने तोंड शिवून घेतले.

यंदा ढोलीत तीन पिल्ले होती. पांढुरकी, कापूस पिंजून ठेवल्यासारखी, डोळ्यांभोवती काळे चट्टे. त्यातली दोन बाहेर येऊन फांदीवर बसायला लागली होती. तिसरे, सर्वांत लहान, ढोलीच्या तोंडाशी येऊन जगाकडे बघायचे आणि पुन्हा आत जायचे. अशातच एका वादळी दुपारी त्या वाळक्या फांदीचा तुकडा मोडून संघातल्या पोरांच्या बाकांशेजारी पडला. कुणाला लागले नाही, पण क्रिकेट क्लबने सभा घेतली आणि शेजारच्या मिलबँक गावाविरुद्धच्या सामन्याआधी अख्खी फांदी उतरवायची ठरवली. कोलने झाडे कापणाऱ्याला गुरुवारचे बोलावले आणि खोडावर नारिंगी रंगाची मोठी फुली मारली.

ती फुली पाहून नेरिडा तडक माझ्या स्वयंपाकघरात आली. दार वाजवायचेही तिला सुचले नव्हते.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मी इतकं लपवलं, इतकं लपवलं, की तिथे कुणी राहतं हे त्यांना माहीतच नाही."

मी म्हटले, मग सांगून टाक. त्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच करवत घेऊन उभी आहे. "कोलला सांगू? त्यापेक्षा रेडिओवर सांगते की."

यात तिचे काही चुकत नव्हते. कोलच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्या मुलीला दिवस गेल्याची बातमी जावयाआधी दारूच्या गुत्त्याला कळली होती. सांगावे तर टेकडीवरच्यासारखे होणार, न सांगावे तर गुरुवारी करवत येणार. इकडे आड तिकडे विहीर. मी तिला चहा दिला आणि तो तिने तसाच ठेवला.

बुधवारी सरावानंतर नेहमीप्रमाणे पोरे शेगडीभोवती उभी होती, पावात सॉसेज आणि वर कांदा. नेरिडा मधोमध जाऊन उभी राहिली. मग तिने टेकडीवरच्या पिल्लांपासून सगळे सांगितले, आणि शेवटी झाडाकडे बोट केले.

कप्तान डेक्लन, ज्याला लहानपणी तिच्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसावे लागायचे, त्याने शेगडी विझवली. "दाखव," तो म्हणाला.

तिने त्यांना बसमध्ये बसवायची तसे गवतात ओळीने बसवले. फोन खिशात घालायला लावले. अंधारून यायला लागले तशी ढोलीतून किडा किरकिरल्यासारखी चिरचिर सुरू झाली, मोठे घुबड आवाज न करता आले, चोचीतला पतंग पिल्लाला देऊन गेले. धडधाकट बाप्ये तोंडे उघडी टाकून बघत होते. कोलच्या हातातला पाव तसाच राहिला.

पहिला आवाज कोलचाच. "पण फांदी पोरांच्या डोक्यावर आहे, नेझ. ती पडली तर?"

प्रश्न रास्त होता. उत्तर डेक्लनने दिले. फांदी हलवता येत नसेल तर बाक हलवू, सीमारेषेची दोरीही आत घेऊ. त्या बाजूला मैदान तोकडे होईल, पण दोघांनाही सारखेच तोकडे. झाडवाल्याला नको म्हणून कळवायचे ठरले. मग नेरिडा म्हणाली, यातला एक शब्दही मैदानाबाहेर जाता कामा नये. झाडून सगळ्यांनी कोलकडे बघितले.

"माझ्याकडे काय बघताय?" कोल म्हणाला, आणि दुखावल्यासारखा पाव खाऊ लागला.

शनिवारी मिलबँकवाले आले. त्यांच्यात एक आडदांड डावखुरा होता. तोकडी बाजू हेरायला त्याला वेळ लागला नाही. डोळे मिटून मारले तरी चेंडू दोरीपार जात होता. दोरी इतकी आत का, असे त्यांनी विचारले तेव्हा कोलने तिकडच्या गवतात साप असल्याचे सांगितले. विषारी वाघसाप, जोडीने. त्यानंतर त्या बाजूला कुणी फिरकले नाही. आम्ही सणकून हरलो, आणि डेक्लनने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

खेळ संपल्यावर पाहुणे बिअर पीत रेंगाळले. ऊन उतरले. नेरिडा आपल्या जागी जाऊन बसली होती, पण आज खुर्ची फिरवायची सोय नव्हती आणि तिसरे पिल्लू अजून बाहेर आले नव्हते. अखेर तिला राहवले नाही. तिने सगळ्यांदेखत पूर्वेकडे तोंड केले आणि कॅमेरा लावला. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. तेवढ्यात मिलबँकचा कप्तान बिअरची बाटली घेऊन आमच्याच दिशेने निघाला. कोल दोरी गुंडाळत त्याच्या वाटेत होता.

"ती बाई कसले फोटो काढतेय?" त्याने कोलला विचारले.

कोलने दोरीचा एक वेढा घातला, मग दुसरा.

"सूर्यास्ताचे," तो म्हणाला.

पाहुण्याने मागे वळून पाहिले. सूर्य त्याच्या पाठीमागे, क्लबच्या छपरावर बुडत होता. "पण सूर्य तर तिकडे आहे."

"तुमच्याकडे असेल," कोल म्हणाला. "आमच्याकडे इकडेच बुडतो. चल, तुला बिअर पाजतो, आज तुम्ही बरे खेळलात." आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला घेऊन गेला. झाडाकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

तिसरे पिल्लू ढोलीतून पुढे सरकले, धडपडले, फांदीला घट्ट धरून उभे राहिले. नेरिडाने बटण दाबायला हवे होते, पण तिचे डोळे भरून आले होते आणि तिला भिंगातून काही दिसत नव्हते. "तू दाब," ती मला म्हणाली, आणि मी दाबले.